ऑइल चेंबर (मोटार)

ऑइल चेंबर अथवा ऑइल पॅन हा मोटारीच्या इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी जोडलेला, वंगणतेल साठवणारा पसरट भाग होय. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये तो नुसता ‘चेंबर’ म्हणून ओळखला जातो. लहान मोटारींच्या चेंबरमध्ये साधारणपणे ३ ते ४ लिटर तेल मावते. चेंबर व इंजिन यांमधील सांध्याचे गॅस्केट जीर्ण झाले की तेल झिरपू लागते. चेंबर उतरवून हा सांधा नव्याने बंद करण्याचे काम पुरेशी साधने असल्यास घरीही करता येते. त्याचे यश बोल्ट किती आवळले यापेक्षा जोडपृष्ठे किती स्वच्छ केली यावर अवलंबून असते.

रचना व कार्य

इंजिन चालू असताना तेलपंप चेंबरच्या तळाजवळील जाळीतून तेल वर खेचतो. हे तेल फिल्टरमधून बेअरिंगांपर्यंत पोहोचते आणि पुन्हा चेंबरमध्ये ओघळते. तेलाची पातळी जाळीखाली गेल्यास पंप हवा ओढू लागतो, तेलाचा दाब कमी होतो आणि बेअरिंगे खराब होऊन इंजिन जाम होऊ शकते. त्यामुळे किरकोळ वाटणारी गळतीही दुर्लक्षिणे योग्य नसते. चेंबर पोलादी पत्र्याचा, ओतीव ॲल्युमिनियमचा किंवा क्वचित प्लॅस्टिकचा असतो. दगड वा उंच गतिरोधक लागल्यास पत्रा चेपतो, तर ॲल्युमिनियमला तडा जातो.

गळतीचे निदान

चेंबरवर दिसणारे तेल नेहमी चेंबरच्याच सांध्यातून आलेले असते असे नाही. वरच्या झाकणातून, फिल्टरच्या बुडातून किंवा क्रँकशाफ्टच्या सीलमधून गळलेले तेलही खाली ओघळत येते. म्हणून इंजिन बाहेरून पुसून घ्यावे, काही वेळ चालवावे आणि तेलाचा ओघळ नेमका कोठून सुरू होतो ते पाहावे.

चेंबर उतरवणे

मोटार सपाट व टणक जमिनीवर उभी करून चाकांना अडण लावावी. जॅकने उचललेली मोटार भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या मोटारीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. कोमट तेल ड्रेन बोल्टमधून पूर्ण काढावे. चेंबरचे बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून त्यांच्या जागा नोंदवून ठेवाव्यात. चिकटून बसलेला चेंबर पातळ पात्याने हळूहळू सोडवावा. पेचकसाने उचकटल्यास कडा वाकतात किंवा त्यांवर ओरखडे पडतात. काही मोटारींत चेंबर काढण्यासाठी खालची आडवी तुळई सोडवावी लागते किंवा इंजिन वर उचलावे लागते. अशा वेळी हे काम कारागिराकडे सोपवणे इष्ट असते.

जोडपृष्ठांची तयारी

जुने गॅस्केट व सीलंट पूर्णपणे खरवडून काढावे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर प्लॅस्टिकचे खरवडणे वापरावे. घासणाऱ्या चकत्या टाळाव्यात, कारण त्यांची बारीक खर तेलात मिसळल्यास बेअरिंगे झिजतात. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या छिद्रांभोवती वर उचललेली असल्यास लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करावी. तेलपंपाची जाळी याच वेळी तपासावी. इंजिनातून तेल बराच वेळ ठिबकत राहते. जोडपृष्ठावर तेलाचा पातळ थर जरी राहिला तरी सीलंट धरत नाही. म्हणून सीलंट लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठे द्रावकाने पुसून कोरडी करावीत.

सांधा बंद करणे

रबरी गॅस्केट असल्यास सीलंट सहसा कोपऱ्यांवर किंवा दोन भाग जुळतात तेथेच लावतात. गॅस्केट नसल्यास सिलिकॉन सीलंटची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ ओढतात. बोल्टच्या छिद्रांजवळ ती आतल्या बाजूने नेतात. जास्त सीलंट म्हणजे जास्त पक्का सांधा, हा समज चुकीचा आहे. आत दबून आलेला जादा सीलंट तुटून तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतो. मग गळती थांबूनही इंजिन तेलाविना राहते.

सीलंटवर साय धरण्यापूर्वीच चेंबर बसवावा. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत व नंतर मध्यापासून टोकांकडे, आलटून पालटून आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टांना अनेकदा १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क पुरेसा असतो. अचूक आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. अधिक आवळल्यास कड वाकते व गळती पुन्हा सुरू होते.

चाचणी व वापरलेले तेल

सिलिकॉन सीलंट हवेतील आर्द्रतेने बाहेरून आत घट्ट होत जाते. पाकिटावर सांगितलेला अवधी, बहुधा २४ तास, गेल्यावरच तेल भरावे. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घालावा. इंजिन सुरू केल्यावर तेलदाबाचा दिवा काही क्षणांत विझला नाही तर ते लगेच बंद करावे. सीलंट घट्ट झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळू नयेत. त्याने सांध्याची पकड सुटू शकते.

वापरलेले इंजिन तेल भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते गटारात वा मातीत न ओतता झाकणबंद डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी.