मदतीला जाणाऱ्या लेकीची आई

मुलुंडला आमच्याच जिन्यात राहणाऱ्या वहिनी परवा संध्याकाळी आल्या. चहा पुढे केला, पण कपाला हातही लावला नाही. म्हणाल्या, "ताई, धाकटीला परदेशात काम मिळतंय. निर्वासितांच्या छावणीत, नर्स म्हणून. पण तिकडे गोळीबार चालतो म्हणे. हो म्हणू की नको?"

"अहो, मदत करणाऱ्यांना कोण कशाला मारेल?" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते खरं नाही. मला कर्नल वैभव काळे आठवले.

काळे मूळचे नागपूरचे. २०२२ मध्ये त्यांनी लष्करातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात ते गाझाला रुजू झाले. आता काम लढण्याचं नव्हतं, मदत पोचवणाऱ्यांच्या सुरक्षेचं होतं. काहीच आठवडे झाले होते. १३ मे २०२४ रोजी एका सहकाऱ्यासोबत ते रफाहहून खान युनिसच्या रुग्णालयाकडे निघाले. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण स्पष्ट होती, तरीही तिच्यावर मारा झाला. तो रणगाड्यातून झाला असावा, असं संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं होतं. काळे गेले, सहकारी जखमी झाली. वय अवघं सेहेचाळीस. पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

दिल्लीच्या मार्था फॅरेल यांचंही तसंच. 'प्रिया' या संस्थेत त्यांनी बायकांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं काम केलं. स्त्री-पुरुष समानतेचं प्रशिक्षण द्यायला त्या काबूलला गेल्या होत्या. १३ मे २०१५ च्या रात्री तिथल्या एका गेस्ट हाऊसवर हल्ला झाला, त्यात त्या मारल्या गेल्या. हातात शस्त्र नाही, कुणाशी वैर नाही!

नियम नाहीत असं नाही. युद्धात डॉक्टर, नर्स, मदत पोचवणारे यांच्यावर हल्ला करायचा नाही, हा जगाने मान्य केलेला कायदा आहे. काळे गेले त्याच मे महिन्यात सुरक्षा परिषदेने या लोकांच्या संरक्षणासाठी वेगळा ठरावही केला. तरी संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. तोवर एवढी संख्या कधीच नव्हती. बगदादला १९ ऑगस्ट २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला होऊन बावीस जण गेले, म्हणून ती तारीख आता जागतिक मानवता दिन म्हणून पाळतात. दिवस पाळला जातो, नियम मात्र पाळला जात नाही.

आणखी एक गोष्ट. मरणाऱ्यांत बहुतेक जण त्याच देशातले असतात. आपल्याकडे पूर आला की आधी गावातलीच आशाताई धावते ना, तसंच तिथेही. बाहेरून आलेल्याला निदान परत जायला देश असतो. त्यांचं घरच तिथे असतं. त्यांची नावं आपल्या पेपरात येतही नाहीत.

वहिनींना मी हो किंवा नाही सांगितलं नाही. म्हटलं, मुलीला जवळ बसवा आणि काही गोष्टी लेखी मागवायला सांगा. नेमणूक नेमकी कुठल्या गावात? विमा कोण भरणार, किती रकमेचा? जाण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणार का? परिस्थिती बिघडली तर तिला बाहेर कोण काढणार, कसं? तिला परत यावंसं वाटलं तर मध्येच सोडता येईल का? घरी फोन करण्याची जबाबदारी कुणाची? आणि मध्ये कुणी एजंट पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. संयुक्त राष्ट्रं नोकरी देताना उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाहीत. जी संस्था या प्रश्नांना कंटाळते, ती संकटात आपल्या पोरीसाठी काय धावणार?

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती म्हणते, आई, सगळ्यांच्या आयांनी नको म्हटलं तर तिथल्या बाळंतिणींकडे कोण बघणार?"

यावर काय बोलणार? चहा गार झाला होता. मी पुन्हा आधण ठेवलं, आणि आम्ही दोघी कागद-पेन घेऊन प्रश्नांची यादी करायला बसलो.