मेंदूतला मेदाचा हमाल

सातारा-सांगलीकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी आवडीने खाल्ली जाते. तिचा मेंदूशी काय संबंध?

मेंदूच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मा वाटा स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यात डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल फार महत्त्वाचे. पण मेदाम्ले पाण्यात सहज विरघळत नाहीत. पेशीत त्यांना वाहून न्यायला हमाल लागतो. मेंदूत हे काम ‘एफएबीपी-७’ हे प्रथिन करते. १३२ अमिनो आम्लांची साखळी दहा पट्ट्यांत दुमडून छोटे पिंप तयार होते. तोंडाशी दोन मळसूत्रांचे झाकण, आत मेदाम्लाचा एक रेणू. गर्भाच्या मेंदूत नव्या पेशी घडत असताना हे प्रथिन विपुल असते.

हमाल तयार असला, तरी माल यायला हवा. जवसातले ओमेगा-३ निराळे. शरीर त्यापासून डीएचए फार थोडे बनवते. शेंगदाणा तेलात तर ओमेगा-३ जवळजवळ नसतेच. मासळीतून मात्र डीएचए थेट मिळते.

गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळाची पहिली दोन वर्षे डीएचए मेंदूत झपाट्याने साठते. म्हणून शाकाहारी गरोदर स्त्रियांनी जवस जरूर खावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. डॉक्टरांना डीएचएबद्दल विचारावे.