सार्वजनिक निधीतील संशोधन आणि हितसंबंधांचा संघर्ष

संशोधकाच्या खाजगी हिताचा त्याच्या सार्वजनिक निर्णयावर प्रभाव पडण्याची शक्यता निर्माण होणे म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष होय. असा संघर्ष म्हणजे गैरव्यवहार नव्हे. मात्र तो दडविल्यास निष्कर्षांची विश्वासार्हता धोक्यात येते. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यास केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. इतर आक्षेपांबरोबर मूल्यमापकांच्या निःपक्षपातीपणाचाही प्रश्न उपस्थित झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. सार्वजनिक निधीतून दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या जनुकीय मोहरीच्या मान्यतेबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठात जुलै २०२४ मध्ये मतभेद झाले. तथापि तज्ज्ञांनी हितसंबंध जाहीर करावेत, यावर एकमत होते. डिसेंबर २०२४ च्या मसुदा नियमांत अशा सदस्याने निर्णयप्रक्रियेपासून दूर राहण्याची तरतूद आली. अनुदान-प्रस्ताव तपासणाऱ्या प्राध्यापकांसाठीही हाच क्रम योग्य ठरतो : आधी प्रकटन, मग परीक्षण.