ना तळ, ना झाकण, तरीही पेटी!

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कोडं. एक पेटी आहे, पण तिला तळ नाही आणि झाकणही नाही. तिच्यात एक वस्तू ठेवतात, भोवती वाळू भरतात, मग ती वस्तूच काढून घेतात आणि उरलेली रिकामी जागा जिवापाड जपतात. ओळखा पाहू!

आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं तेव्हा उत्तरं आली, "खिडकीची चौकट", "विहीर", आणि एकाचं तर "बाई, माझी कंपासपेटी! तळ गेलाय, झाकण हरवलंय." बरोबर उत्तर मात्र कुणालाच आलं नाही. ती आहे ओतकामाची पेटी. कारखान्यात तिला मोल्डिंग बॉक्स म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत तिचं नाव आहे फ्लास्क. चहाच्या फ्लास्कशी तिचा काही संबंध नाही बरं का!

ही पेटी आमच्या शाळेत कशी आली, ते सांगते. वर्गातल्या जुन्या लोखंडी कपाटाच्या दोन मुठींपैकी एक तुटली. अकोल्याच्या बाजारात तशी मूठ मिळेना. संगमनेरलाही विचारून झालं. दुकानदार म्हणाले, "बाई, हे जुनं डिझाइन आता येत नाही. दोन्ही मुठी नव्या घ्या." त्याच सुमारास माझे मामा माझ्याकडे राहायला आले होते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीला एका फौंड्रीत त्यांनी सगळी नोकरी मोल्डर म्हणून केली. मोल्डर म्हणजे वाळूचे साचे करणारा कारागीर. त्यांनी शाबूत असलेली मूठ हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "एक आहे ना? मग दुसरी करता येईल की! पेटी तेवढी चांगली पाहिजे."

मला वाटलं, पेटी काय, चार फळ्या ठोकल्या की झाली. आंब्याची रिकामी पेटी घरात होतीच. तिच्या पातळ फळ्यांच्या दोन चौकटी मी खिळे मारून तयार केल्या आणि मोठ्या ऐटीत मामांपुढे ठेवल्या. त्यांनी टिचकी मारून पाहिलं, थोडं हसले आणि म्हणाले, "कर. पण पहिल्यांदा मेण ओत. धातू नको."

तसं केलं. खालची चौकट पाटावर ठेवली. आत मूठ ठेवून ओलसर वाळू ठासून भरली. पाटासकट उलटी केली आणि मुठीचा निम्मा भाग उघडा होईपर्यंत वाळू खरवडली. त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली, म्हणजे वरची वाळू खालच्या वाळूला चिकटत नाही. (वर्गभर सुगंध पसरला आणि मुलांना हसू आवरेना.) मग वरची चौकट ठेवली. मेण ओतायच्या भोकासाठी नळीचा एक तुकडा उभा धरून तीही वाळूने भरली आणि ठासली. नळी काढली, वरची चौकट अलगद उचलली, मूठ बाहेर काढली. भोकापासून मुठीच्या जागेपर्यंत छोटी चारी कोरली आणि वरची चौकट पुन्हा खालचीवर ठेवली, अंदाजाने.

तो अंदाजच नडला. ठासताना आंब्याची फळी पोटासारखी फुगली होती. एका कोपऱ्यातून वाळू ढासळली. मेणाची मूठ बाहेर आली तेव्हा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापेक्षा चांगला तीन मिलिमीटर सरकलेला! मांडी घातलेल्या माणसाचं धड कुणी बाजूला सरकवून ठेवावं, तशी दिसत होती बिचारी.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "वाळूचं काम वाळूनं केलं. चुकली ती पेटी."

मुलांनो, ओतकामातली मेख इथेच आहे. साचा दोन अर्ध्यांचा असतो. ते उघडावे लागतात, नाहीतर आतली वस्तू निघणार कशी? आणि मिटताना ते केसाइतकंही इकडेतिकडे न होता जिथल्या तिथे बसावे लागतात. हे वाळूला जमत नाही. हे काम पेटीचं.

मग पेटी नसताना माणसं धातू ओततच नव्हती की काय? ओतत होती, आणि तेही आपल्याच नदीकाठी! आपली प्रवरा अकोल्याहून संगमनेरकडे जाते आणि पुढे श्रीरामपूर तालुक्यात तिच्या डाव्या काठावर दायमाबाद लागतं. आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात. 1974 साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार शिल्पं सापडली : बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव धातूची, मिळून साठ किलोच्या वर वजनाची. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची असावीत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, काहींना मात्र त्याबद्दल शंका आहे. ती मेणाच्या पद्धतीने ओतलेली आहेत. आधी मेणाचा हत्ती करायचा, त्यावर मातीचा जाड लेप द्यायचा, तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. इथे पेटी लागतच नाही. पण हत्ती बाहेर काढायला साचा फोडावा लागतो. दुसरा हत्ती हवा तर पुन्हा मेणापासून सुरुवात! देवाच्या मूर्तीला ते चालतं. पण नांगराचे शंभर फाळ हवे असतील आणि सगळे एकसारखे हवे असतील, तर?

तिथे वाळू आणि पेटी कामाला येतात. नमुना एकच, पेट्यांची जोडी एकच आणि वस्तू हव्या तेवढ्या. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी नावाच्या कारागिराने 1707 साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं. जॉन थॉमस नावाचा त्याचा एक तरुण मदतनीस होता. बारीक वाळू, दोन लाकडी चौकटी आणि हवा जायला भोकं एवढीच त्यांची युक्ती. पण ती गुप्त राहावी म्हणून दाराला अडसर घालून, कुलपाचं भोकसुद्धा बुजवून काम चाले असं सांगतात. विचार करा, दोन लाकडी चौकटींसाठी एवढा बंदोबस्त!

महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घरोघर पोचवले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीपंपांची ऑइल इंजिनं तयार होऊ लागली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये मोटारींचे भाग ओततात. मामा सांगतात, तिथली वाळू घाटाखालच्या फोंडा-कासार्डे भागातून येते आणि वाळूला धरून ठेवणारी बेंटोनाइट माती गुजरातच्या कच्छमधून. पेट्या मात्र लोखंडी, काही तर इतक्या मोठ्या की क्रेननेच उचलाव्या लागतात.

आमची दुसरी पेटी एवढी भारी नव्हती, पण झाली झकास. सामान कुठे मिळालं ते नीट सांगते, कारण तुम्हालाही ते विकत आणायची गरज नाही. फळ्या मिळाल्या शाळेच्या मोडक्या बाकाच्या, एक इंच जाडीच्या आणि वर्षानुवर्षं वाळलेल्या. (मुख्याध्यापकांना विचारून घेतल्या बरं का!) ओलं लाकूड पुढे वाकतं, म्हणून जुनं लाकूडच चांगलं. जुन्या दाराच्या चौकटीचे तुकडेही चालतील. आतलं माप ठेवलं दहा इंच बाय आठ इंच आणि प्रत्येक पेटीची उंची तीन इंच. मुलं म्हणत होती, "बाई, अजून मोठी करू या!" पण एवढ्याशा जोडीतही वाळू भरल्यावर बारा-तेरा किलो भरतात. आणि ती उलटी कुणी करायची? फार लहानही नको. वस्तू आणि लाकूड यांच्यामध्ये सगळीकडून दीड-दोन इंच वाळू हवीच, नाहीतर तापलेल्या धातूने लाकूड जळतं.

खिळ्यांऐवजी स्क्रू लावले, कारण ठासण्याच्या दणक्यांनी खिळे ढिले होतात. आतल्या बाजूने चारही फळ्यांना अर्ध्या इंचाची पट्टी बसवली. पेटी उचलली की वाळू तिच्यावर अडकून राहते, खाली पडत नाही. एका मुलाचे वडील खिडक्यांच्या जाळ्या तयार करतात. त्यांच्या दुकानात लोखंडी पट्टीचे उरलेले तुकडे मिळाले, त्यांना त्यांनीच भोकं पाडून दिली. भोकांत बसणाऱ्या खुंट्या म्हणजे भंगारातले जाड बोल्ट. खालच्या पेटीला खुंट्या, वरच्या पेटीला भोकाच्या पट्ट्या. खुंटी भोकात सहज गेली पाहिजे, पण आत गेल्यावर डुगडुगता कामा नये.

आणि आता मामांची खास युक्ती! दोन्ही बाजूंच्या खुंट्या समोरासमोर लावायच्या नाहीत. एक मधोमध, तर दुसरी जरा कोपऱ्याकडे. का बरं? वरची पेटी चुकून उलट दिशेने ठेवायला गेलात तर ती बसणारच नाही! ही युक्ती कळल्यावर आमच्या वर्गातल्या एकीने विचारलं, "म्हणजे पेटीच सांगते, 'चुकलं' म्हणून?" मला तर तिचं हे वाक्य मामांच्या सगळ्या शिकवणीपेक्षा आवडलं.

या पेटीत मेणाची मूठ पहिल्याच फटक्यात सरळ आली. मग पाळी ॲल्युमिनियमची. आता पालकांनी हा भाग मुलांसोबत वाचावा. मेण साठ-सत्तर अंशांच्या आसपास वितळतं. ॲल्युमिनियमला 660 अंश सेल्सिअस लागतात. हे काम फक्त अनुभवी मोठ्या माणसाचं. मामांनी ते माझ्या परसात केलं. जाड चामडी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट, अंगात सुती कपडे. सिमेंटच्या कोब्यावर नाही, तर कोरड्या वाळूच्या थरावर. कोब्यात मुरलेल्या ओलीची वाफ होऊन त्याचे टवके उडतात. मुलं लांब, ओसरीच्या कठड्याआड. मुशीत भंगारातला जुना पिस्टन वितळत होता. (मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं.)

आणि इथे चूक केली ती मी. उन्हात साचा सुकतोय असं वाटून मी मामांना न विचारता त्यावर पाण्याचा हबका मारला. कशाला मारला देव जाणे! मामांनी पेट्या मिटल्या, वर दोन कोरड्या विटा ठेवल्या. पातळ धातू वरच्या पेटीला उचलू पाहतो, म्हणून ते वजन. ओतायला सुरुवात केली आणि भोकातून 'बुडबुड' असा आवाज आला. पुढच्याच क्षणी चमकते थेंब हातभर वर उडाले. मामा एका पावलात मागे सरले होते. एक थेंब त्यांच्या बुटावर पडला आणि चामडं जळल्याचा वास आला. मुलं गप्प झाली. मीही.

पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. साच्याच्या आत ती जागा कुठून मिळणार? मग ती धातूला ढकलून बाहेर पडते. मामांनी विजार थोडी वर करून पोटरीवरचा वाटाण्याएवढा जुना डाग मुलांना दाखवला. उमेदवारीच्या दिवसांत दोन पेट्यांच्या फटीतून धातू पाझरला होता, त्याचा. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "वाळू मुठीत दाबून बघायची असती. गोळा झाला पाहिजे, मधोमध स्वच्छ मोडला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये." त्या दिवशी पुन्हा भट्टी पेटली नाही.

दोन दिवसांनी पेटली. दहा भाग बारीक चाळलेली वाळू, एक भाग बेंटोनाइट आणि पाणी अगदी शिंपडण्यापुरतं. चाळताना सगळ्यांच्या नाकातोंडाला फडकं होतं, कारण ती धूळ छातीला वाईट. वाफ जायला सायकलच्या तारेने वरच्या वाळूत भोकं पाडली. या वेळी आवाज झाला नाही. धातू दुधासारखा आत उतरला. अर्ध्या तासाने पेटी उघडली आणि काळ्या पडलेल्या वाळूत मूठ!

तुम्हाला घरी करायचं असेल तर मेणच ओता. सहा इंच बाय चार इंचाची छोटी जोडी पुरे. मेणाचं भांडं थेट जाळावर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. वितळवायचं आणि ओतायचं काम आई-बाबांकडे, पेटी आणि वाळू तुमच्याकडे. नमुना म्हणून सुरुवातीला साधी, गुळगुळीत वस्तू घ्या.

आणि पेटी तयार होईपर्यंत एक शोधमोहीम. ओतलेल्या वस्तूवर, जिथे दोन पेट्या मिटल्या होत्या तिथे, एक बारीक उंचवट्याची रेघ राहते. चांगले कारागीर ती घासून काढतात, तरी कुठेतरी उरतेच. जुन्या शिलाई मशीनचे पाय, गावातला हातपंप, वजनकाट्याची मापं, सगळीकडे बोट फिरवून बघा. आमच्या वर्गाला आठवड्यात अशा अकरा वस्तू सापडल्या. नवी मूठ आता कपाटाला आहे. तिच्या खालच्या अंगाला ती रेघ आहे, आणि ती घासायची नाही असं चौथीच्या वर्गाने हात वर करून ठरवलं आहे. सरकलेली मेणाची मूठ कपाटाच्या आत, खालच्या फळीवर आहे.