मानेचा रस्ता बंद, कानापासून वळवा!

तानसा, भातसा, मोडकसागर. शहापूर तालुक्यातल्या या धरणांचं पाणी जाडजूड नळांतून मुंबईला जातं (उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर फिरतो, ते असो). आपला मेंदूही तसाच मुंबईकर! वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण 20 टक्के प्राणवायू एकटा फस्त करतो. त्याला रक्त नेणारे नळ चार: दोन मानेत पुढून, दोन मागे मणक्यांतून.

यातला एखादा पूर्ण बुजला तरी काहींना पत्ताही लागत नाही. कवटीच्या तळाशी चारही नळ एका कड्यात जोडलेले असतात. इकडून बंद, तर तिकडून पुरवठा. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी 1664 मध्ये त्याचं वर्णन केलं. पण हे कडं प्रत्येकाचं पुरतं जुळलेलं नसतं, त्यामुळे नशिबावर हवाला नको.

मानेतला अडथळा दुखत नाही. तो डावीकडे असेल तर लुळा पडतो उजवा हात, पण पडदा येतो डाव्याच डोळ्यावर! बऱ्याचदा थोड्या मिनिटांत सारं पूर्ववत होतं. ‘वारं गेलं होतं, आलं परत,’ म्हणत माणूस चहा मागवतो. धोक्याची घंटा वाजते ती नेमकी इथे.

1953 मध्ये अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी एका बसचालकाची मानेतली धमनी उघडली, आतला थर खरवडला आणि पुन्हा शिवली. तो पुढे 19 वर्षं जगला. लक्षणं दिसलेली आणि 70 टक्क्यांवर अडथळा असेल, तर ही साफसफाई आजही कामाची.

बायपासची करामत निराळी. कानापुढे बोट ठेवा. जी नाडी उडते, तीच धमनी कवटीला भोक पाडून मेंदूच्या धमनीला जोडायची! सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं. 30 ऑक्टोबर 1967 रोजी झुरिकमध्ये गाझी याशारगिल यांनी हे साधलं. पुढे 1377 रुग्णांच्या चाचणीनं 1985 मध्ये हवाच काढून घेतली: औषधांपेक्षा जास्त फायदा नाही! आता ही शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांसाठी राखलेली. विज्ञानाचा हा प्रामाणिकपणा मला तरी शस्त्रक्रियेपेक्षा भारी वाटतो.

आपल्याकडचा किस्सा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाचा. डॉ. पी. के. सेन आणि सहकाऱ्यांनी महाधमनी व तिच्या फांद्या सुजून अरुंद करणाऱ्या आजाराच्या 101 रुग्णांवर 1973 मध्ये अख्खं पुस्तक काढलं. हा आजार बहुतेक तरुण बायकांना होतो. मनगटाची नाडीच लागत नाही! 1908 मध्ये तो नोंदवला जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी, रुग्णाच्या डोळ्यात डोकावून. यात मानेच्या धमन्या फार अरुंद झाल्या, तर छातीतल्या महाधमनीपासून मानेपर्यंत नवी नळी टाकतात.

शहापूर-मुरबाडकडून मुंबई गाठायची तर आसनगावहून लोकल, मुरबाडहून आधी कल्याणची एसटी. मोठं हॉस्पिटल लांबच. म्हणून बीपी आणि साखर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या. बिडी सोडा, मिश्रीही. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर घड्याळ पाहून लगेच 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. त्रास आपोआप थांबला, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.