कचेरीतील राजकारण आणि मौनाचा अधिकार

चार माणसे एकत्र बसली की राजकारणाचा विषय निघावयाचाच, हा आपल्या समाजाचा जुना स्वभाव आहे. बँकेतील मधली सुट्टी असो, कारखान्याचे कँटीन असो वा महाविद्यालयातील प्राध्यापकांची खोली असो. मंत्रिमंडळ बनविणे आणि पाडणे तेथे चहाच्या एका पेल्यात उरकते. त्यात वावगे काही नाही. ज्या देशात मताधिकार सर्वांना आहे, तेथे मत बनविण्याचे काम केवळ सभांमध्ये आणि वृत्तपत्रांत होत नसते. ते सहकाऱ्यांशी बोलतानाही होते. प्रश्न आहे तो या बोलण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा.

‘पूर्वी असे नव्हते; वाद होत, पण मने दुखावत नसत’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. निदान या शहराने तरी तसे म्हणू नये. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. एसेम जोशी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, तर मुक्तिसंग्रामाचे ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ विरोधात. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. या सोळा वर्षांत येथल्या शाळा, कचेऱ्या आणि महाविद्यालये चालूच होती. ज्याच्या आप्तांचे घर जळले तो आणि ज्याला नामांतर मान्य नव्हते तो, हे दोघे एकाच हजेरीपटावर सही करीत होते. त्यांच्यातील अबोला हा नुसता मतभेद नव्हता.

विद्यापीठाच्या नावाचे जे झाले, तेच पुढे शहराच्या नावाचे झाले. ‘संभाजीनगर’ हे नाव 1988 पासून जाहीर सभांतून घुमू लागले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राच्या संमतीनंतर ‘छत्रपती संभाजीनगर’ हे अधिकृत झाले. मधल्या पस्तीस वर्षांत गावाचे नाव कसे उच्चारता यावरून तुमचे मत, आणि पुष्कळदा तुमचा धर्मही, ऐकणारा ठरवून मोकळा होई. आजही जुने नाव सवयीने तोंडात आले तर कोणी भुवया उंचावतो आणि नवे नाव आवर्जून घेतले तर दुसराच कोणी. जेथे पत्त्याची ओळ लिहिणे हेसुद्धा राजकीय विधान ठरू शकते, तेथे ‘कामाच्या जागी राजकारण नको’ हा उपदेश कागदावरच राहणार.

नावांनंतर आडनावांची पाळी आली. 2023 च्या ऑगस्टअखेर अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले. 2024 च्या जूनमध्ये तेथून जवळच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांनी इतर मागासवर्गीयांच्या बाजूने उपोषण केले. आपल्या कचेऱ्यांतून माणसाला हाक मारली जाते ती आडनावाने, पुढे ‘साहेब’ वा ‘सर’ लावून. आणि आडनावावरून जात ओळखण्यात आपण पटाईत आहोत. त्यामुळे सहकाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे मत गृहीत धरले जाऊ लागले. 2025 च्या आरंभी बीड जिल्ह्याच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या नावपट्टीवरून आडनाव काढून केवळ नाव ठेवण्याचा मार्ग अवलंबिला, तो या पार्श्वभूमीवर. उपाय लहान असला तरी निदान अचूक होते. रोग नुसत्या बोलण्यात नाही, माणसाकडून काम घेण्याआधी त्याची बाजू ठरविण्यात आहे.

कायद्याने या बाबतीत काय म्हटले आहे? केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे आणि महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांसाठी 1979 चे वर्तणूक नियम आहेत. सरकारी नोकराने राजकीय पक्षाचे सदस्य होऊ नये, निवडणुकीत प्रचार करू नये, हा त्यांचा आशय. मतदान तो करू शकतो; मात्र आपण कोणाला मत देणार वा दिले, हे त्याने सूचितही करावयाचे नाही. उलट, राज्यघटनेच्या 171 व्या कलमाने विधान परिषदेत शिक्षकांसाठी खास जागा ठेवल्या आहेत. म्हणजे एकाला मत दाखविण्याचीही मनाई, तर दुसऱ्याच्या खोलीत दर सहा वर्षांनी उमेदवार स्वतः चालत येणार! सर्वांना लावता येईल असा एकच नियम कायद्यात नाही आणि तो असूही शकत नाही.

मग सरसकट बंदी घालावी काय? अमेरिकेतील बेसकॅम्प या संगणकप्रणाली बनविणाऱ्या लहानशा कंपनीने एप्रिल 2021 मध्ये कंपनीच्या कामकाजाच्या माध्यमांवर राजकीय चर्चा बंद केली. थोड्याच दिवसांत तिचे सुमारे एक तृतीयांश कर्मचारी नोकरी सोडून गेले. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. संस्थेत काही बिघडले की माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. तेथील कर्मचाऱ्यांना पहिली वाट मोकळी होती. आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयातील वा जिल्हा परिषदेतील कायम जागा सोडून कोण जाईल? शेजारच्या खुर्चीवरील माणसाबरोबर पंचवीस-तीस वर्षे काढावयाची असतात. बाहेर पडणे शक्य नाही आणि बोलणे परवडत नाही, तेव्हा उरतो तो तुटक अबोला. शिवाय बंदीमुळे अन्याय समान वाटला जात नाही. ज्याच्यासाठी राजकारण हा करमणुकीचा विषय आहे तो क्रिकेटवर बोलेल. ज्याच्यासाठी तो घराचा, आरक्षणाचा, मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न आहे, त्याला मात्र आपले दुःख उंबऱ्याबाहेर ठेवून यावे लागेल.

वस्तुतः कचेरीतील चर्चा आणि चौकातील चर्चा यांत एक मूलभूत भेद आहे. चौकातून उठून जाता येते; कचेरीत बोलणारे आणि ऐकणारे समान नसतात. एकाच्या हाती दुसऱ्याचा गोपनीय अहवाल असतो, रजेचा अर्ज असतो, कारखान्यात पाळी लावण्याचे काम असते. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण प्राध्यापकाचे उदाहरण घ्या. पुढल्या वर्षी आपणास तास मिळतील की नाही, हे ज्यांच्या शब्दावर अवलंबून आहे, ते विभागप्रमुख सरकारच्या धोरणावर बोलू लागतात आणि मध्येच विचारतात, “काय सर, तुमचे काय मत?” या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? तो मान डोलावतो. वरिष्ठांना वाटते, आपली चर्चा किती मोकळी! ती चर्चा नव्हतीच. वरिष्ठांनी आपले मत दोनदा ऐकले, इतकेच. आता कामासाठी काढलेल्या व्हॉट्सअॅप गटांतून हेच घरापर्यंत पोचले आहे. रात्री अकराला आलेल्या राजकीय संदेशाला कोणी अंगठा दाखविला आणि कोण गप्प राहिला, याची नोंद मनात ठेवणारे असतात.

म्हणून बोलण्याच्या स्वातंत्र्याइतकेच न बोलण्याचे स्वातंत्र्य कामाच्या जागी जपले पाहिजे. “मला या विषयावर बोलावयाचे नाही” हे उत्तर पुरेसे मानले जावे. त्यामागील कारण शोधू नये. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने विषय काढू नये, आणि निघालाच तर सर्वांत शेवटी बोलावे. कामाचा गट कामापुरताच ठेवावा. वाद धोरणाशी घालावा, समोरच्याच्या जातीशी वा धर्माशी नव्हे. ‘तुम्ही लोक’ हा शब्दप्रयोग कानी पडताच इतरांनी तेथेच हटकावे, कारण ज्याला उद्देशून तो वापरला जातो त्याला एकट्याने हटकणे जड जाते.

परंतु सभ्यतेवर सर्व भिस्त ठेवणे भाबडेपणाचे होईल. पाळ्या, रजा, तासिका, निवडणुकीची कामे यांचे वाटप लेखी नियमांनी आणि सर्वांना दिसेल असे झाले, तर सहकाऱ्याच्या मताची धास्ती आपोआप उतरते. ज्या कचेरीत बढती कशामुळे मिळते हे सर्वांस ठाऊक असते, तेथे राजकारणावर कडाडून वाद झाला तरी दुसऱ्या दिवशी फायली हलतात. जेथे ते ठाऊक नसते, तेथे निरुपद्रवी विनोदामागेही हेतू शोधला जातो.

मित्र आपण निवडतो, शेजारही काही अंशी निवडता येतो. ज्या शहरात वस्त्या धर्म आणि जात पाहून वसल्या आहेत, तेथे न निवडलेल्या माणसांबरोबर दिवसाचे आठ तास काढण्याची जागा एकच उरते आणि ती म्हणजे नोकरी. ती शांत ठेवण्यासाठी मुकी करण्याचे कारण नाही. तेथे मत मांडल्याने वा न मांडल्याने कोणाची भाकरी अडणार नाही, एवढी हमी मिळाली, तरी या शहराची पुष्कळ भांडणे चहाच्या पेल्यापुरती राहतील.