बाहुल्यांची थरथर मोठ्या पडद्यावरच

आगकाडी किंचित सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ याच पद्धतीने साकारली. तो लघुपट आज पाहायला मिळत नाही. तंत्र मात्र टिकून आहे. गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांच्या ‘पिनोकिओ’मध्येही (२०२२) बाहुल्या अशाच हाताने हलवल्या गेल्या. पडद्यावरील एका सेकंदासाठी २४ चित्रचौकटी लागतात. दिवसभराच्या श्रमांतून हाती येतात ते काही सेकंदच. एवढे करून हा अद्भुतपट बहुतेकांनी पाहिला तो घरी, नेटफ्लिक्सवर. मोबाइलवर कथा कळते, यात शंका नाही. पण लाकडी चेहऱ्यावरचे ओरखडे, कापडाची वीण आणि कलावंताच्या बोटांच्या स्पर्शाने त्यात उमटणारी सूक्ष्म थरथर चित्रपटगृहातच नीट दिसते.